सुलूची कमाई

वॉटफर्ड
८ सप्टेंबर २०२४

चि. अनुया,

आशीर्वाद. तुझं ऑगस्टचं पत्र मिळालं. 'माझी थिसिस' असं तू तीन ठिकाणी लिहिलं आहेस. प्रबंध पुल्लिंगी, म्हणून थिसिसही तो. बाकी पत्र स्वच्छ आहे. शनिवारच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण बेसिंगस्टोकला जन्मून दर महिन्याला काकाला मराठीत पत्र लिहिणारी मुलगी एकच निघाली. हे मी चारचौघांत सांगत असतो. तुलाही कळवून ठेवतो.

आता काम. सोळा नोव्हेंबरला तुझ्या सुलूकाकूला जाऊन वर्ष होईल. मराठी मंडळाने कम्युनिटी हॉल घेतला आहे, दीडशे माणसं येतील. त्या दिवशी तिच्यावर एक छोटं पुस्तक काढायचं ठरलंय. चाळीस पानं मी लिहून काढली, ती सोबत पाठवतो. शुद्धलेखन माझ्याकडे. तू फक्त ओघ बघ आणि शेवटी इंग्रजीत दोन पानं लिही, तुमच्या पिढीसाठी.

गुरुवारचं तुला फोनवर थोडं सांगितलंच आहे. निवेदिताने सुरुवात केली. तिची तनिषा जन्मली तेव्हा श्वास घेत नव्हती आणि तुझ्या काकूच्या हातून वाचली. निवेदिता ते कधी विसरली नाही. आता दर गुरुवारी आपल्या घरी चाळीसेक माणसं जमतात. काकूच्या फोटोपुढे आरती होते, तीही निवेदिताने रचलेली. मग लोक अनुभव सांगतात. कुणाचा व्हिसा आला, कुणाची गाठ साधी निघाली. मी बाजूला बसून टिपून घेतो. पुस्तकाचा उत्तरार्ध त्यातूनच झाला.

चौतीस वर्षं मिडवाइफ म्हणून राबलेल्या बाईला आज लोक माउली म्हणतात. माझी छाती भरून येते, अनुया.

तुझा,
कमलाकरकाका


केंब्रिज
१९ सप्टेंबर २०२४

ती. काका,

नमस्कार. पुस्तक मिळालं. दोनदा वाचलं. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिते, मला थोडा वेळ द्या.

आज माझंच एक काम आहे. माझ्या थिसिसमधल्या (तो थिसिस) शेखसाहेबांबद्दल तुम्ही नेहमी विचारता. शेख सीरवानी हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये राहायचे. ते शिया विद्वान. शिया लोक पैगंबरांच्या वंशातल्या इमामांना आपले मार्गदर्शक मानतात. त्या काळी काही भक्तांचं प्रेम इतकं वाढलं की ते म्हणायला लागले, इमाम माणूस नव्हतेच, ते ईश्वरच होते. याच्यावर फार कडक टीका शिया विद्वानांनीच केली, बाहेरच्यांनी नाही. शेख त्यांच्यातले. एका गावच्या लोकांनी त्यांना पत्र पाठवून विचारलं की आमच्याकडे असा एक प्रचारक आलाय, आम्ही काय करू? त्याचं उत्तर म्हणून त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. मी तिचं इंग्रजी करतेय, आणि माझ्या हौसेसाठी मराठीसुद्धा.

शेख स्वतः इमामांवर खूप प्रेम करतात. प्रत्येक नावापुढे सलाम लिहितात. कंटाळून मी एकदा तो गाळला तर माझे सुपरवायझर म्हणाले, तो त्यांचा श्वास आहे, तो काढू नकोस.

मला एक शब्द अडलाय. अरबीत या अतिरेकाला 'गुलू' म्हणतात. बाण निशाणाच्या पलीकडे जातो, भाव चढतात, त्यालाही हाच शब्द. हंडी चुलीवर उकळून वर येते तो शब्द याचाच शेजारी. मी 'अतिशयोक्ती' लिहिलं, पण ते शाळेतल्या अलंकारासारखं वाटतं. तुम्ही सांगा.

तुमची,
अनुया


वॉटफर्ड
२४ सप्टेंबर २०२४

चि. अनुया,

आशीर्वाद. शब्द तुझ्या दारातच उभा आहे. 'उतणे'. दूध उततं, माणूसही उततो. व्रताच्या कहाण्यांत शेवटी बजावलेलं असतं, उतू नकोस, मातू नकोस. तेव्हा तुझ्या शेखांचे विरोधक म्हणजे भक्ती उतू गेलेली माणसं. मथळ्याला 'अतिरेक' ठेव, मजकुरात 'उतणे'. दोन दिवस मी या शब्दावर खूश आहे. माझे फिरायचे सोबती बाकरभाई अस्करी तुला माहीत आहेत, चष्म्याच्या दुकानातून रिटायर झालेले. ते शिया, पुण्याच्या कॅम्पातल्या इराणी घरातले, मराठी आपल्यासारखीच बोलतात. त्यांना कॅसिओबरी पार्कात तुझं काम सांगितलं. म्हणाले, मुलीला सांगा, तर्जुमा झाला की आधी मला वाचायला द्यायचा.

इकडे पुस्तकाची सगळे वाट बघताहेत. निवेदिताची धाकटी जाऊ शिल्पा, तिला सहावा महिना सरत आला. ती तर इतकी श्रद्धाळू की हॉस्पिटलच्या दोन अपॉइंटमेंटना गेलीच नाही. म्हणते, काकू आहेत ना, त्या बघतील. मी म्हटलं, अगं, काकू असती तर तिने तुला कान धरून नेलं असतं. सगळे हसले.

तुझं मत कळव. प्रेसला पंधरा ऑक्टोबरपर्यंत द्यायचं आहे.

काका


केंब्रिज
३० सप्टेंबर २०२४

ती. काका,

नमस्कार. हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

आधी शेखांचा एक उतारा देते. मराठी माझं आहे, चुका दुरुस्त करा.

'तुम्ही म्हणता, इमामांना भूक लागत नसे. मग त्यांच्या रोज्यांचं तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणता, त्यांना झोप येत नसे. मग ते रात्रभर नमाजात उभे राहिले, त्याचं काय केलंत? तुम्ही म्हणता, त्यांना वेदना होत नव्हत्या. मग त्यांच्या सबुरीचं काय केलंत? तुम्हाला वाटतं, तुम्ही त्यांना उंच चढवलं. तुम्ही त्यांची कमाई त्यांच्याकडून काढून घेतलीत.'

काका, तुमच्या पुस्तकात काकू कधी दमत नाही. कधी चिडत नाही. पान अकरावर तुम्ही लिहिलंय की तिने तनिषाच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि बाळ रडलं. मी सुट्टीत तुमच्याकडे राहायचे तेव्हा शिफ्टवरून आलेली काकू मला आठवते. कोट न काढता जिन्यावर बसायची आणि म्हणायची, पाच मिनिटं माझ्याशी कुणी बोलायचं नाही. मिडवाइफरीच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली होती, हे तिनेच मला सांगितलं होतं, मी दहावीच्या जीसीएसईत मॅथ्समध्ये आपटले तेव्हा. या चाळीस पानांत मी तिला शोधली. ती सापडली नाही.

आणि शिल्पाने हॉस्पिटलला जायलाच पाहिजे. हे हसण्यासारखं नाही.

मी इंग्रजीतली दोन पानं अजून लिहिली नाहीत. मला ती लिहिता येत नाहीत.

तुमची,
अनुया


वॉटफर्ड
३ ऑक्टोबर २०२४

अनुया,

पत्र पोचलं.

तुझ्या काकूने सुमारे पाच हजार मुलं या जगात आणली. तिच्याविषयी कृतज्ञ असलेल्या माणसांना तू हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा वादात ओढून भक्ती उतू गेलेली ठरवतेस. शब्द मी दिला होता, तो माझ्यावरच उलटवलास. नापास झाल्याची गोष्ट छापायची आहे का? ज्या बाईने सुट्ट्यांत तुझं सगळं केलं तिला चारचौघींसारखी करून तुला काय मिळणार आहे? अभ्यासाने माणूस मोठा होतो असं मी शिकवत आलो. तू त्याच अभ्यासाने तिला लहान करायला निघालीस.

शिल्पाची चिंता करू नकोस. आठवडाभर तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे चमकत होतं. मागच्या गुरुवारी काकूचा अंगारा लावला आणि उतार पडला. याला तुझे शेख काय म्हणतील ते म्हणोत.

इंग्रजी पानं नाही लिहिलीस तरी चालेल.

कमलाकर टिपणीस


केंब्रिज
४ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

तुमचं पत्र सकाळी मिळालं. तुम्ही 'आशीर्वाद' लिहिलं नाही आणि खाली आडनावासकट सही केली. मी रडले, पण ते नंतर.

तेव्हापासून मी तुम्हाला सहा वेळा फोन केला, तुम्ही उचलत नाही. शिल्पाचा नंबर माझ्याकडे नाही, निवेदितामावशीचा लागत नाही. माझी फ्लॅटमेट हॅनाह डॉक्टर आहे. तिला तुमच्या पत्रातली ती दोन वाक्यं इंग्रजीत सांगितली. ती जेवताजेवता उठून उभी राहिली. सहाव्या-सातव्या महिन्यात डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे चमकणं म्हणजे ब्लड प्रेशर खूप वाढलेलं असू शकतं. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. हॅनाह म्हणते, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ मॅटर्निटीत न्यायचं. डोकेदुखी थांबली तरीसुद्धा न्यायचं.

हे पत्र स्पेशल डिलिव्हरीने पाठवतेय, उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल. फोन उचलत नाही, पण दारात आलेलं पत्र तुम्ही न वाचता ठेवत नाही, हे मला माहीत आहे. दुपारी एकपर्यंत तुमचा फोन आला नाही तर मी ट्रेनमध्ये बसते.

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं. त्या गावच्या लोकांनी शेखांना का विचारलं, ते राहिलं. तो प्रचारक सांगत होता की ज्याने इमामांना ओळखलं त्याला रोजे नकोत, नमाज नको. ओळखलं की पुरे. गावातले अर्धे लोक तसं वागायला लागले होते. शेखांना खरी भीती त्याची वाटली. ते लिहितात, 'जे त्यांनी आयुष्यभर केलं तेच तुम्ही त्यांचं नाव घेऊन सोडून दिलंत.' काका, काकूने आयुष्यभर बायकांची प्रेशरं तपासली.

आणि शेख दुसऱ्या बाजूलाही तेवढेच रागावतात. जे इमामांना कुणी साधेसुधे लोक समजतात, त्यांचं ज्ञान आणि धैर्य मान्यच करत नाहीत, त्यांना ते 'तोकडे' म्हणतात. मी काकूबद्दल तोकडी नाही. माझ्या ओळखीत तिच्याएवढं मोठं कुणी नाही. म्हणून मला ती खरी पाहिजे.

शिल्पाला न्या. मग माझ्याशी हवं तेवढं भांडा.

अनुया


वॉटफर्ड
१३ ऑक्टोबर २०२४

चि. अनुया,

अनेक आशीर्वाद. मागच्या वेळचेही यातच धर.

त्या दिवशी फोनवर 'नेलं आहे' एवढंच म्हणालो. त्यापुढे माझ्याने बोलवलं नाही. आता सविस्तर लिहितो.

तुझं पत्र साडेनऊला आलं. मी उभ्याउभ्याच वाचलं आणि तसाच शिल्पाकडे गेलो. दार तिनेच उघडलं. चेहरा सुजलेला, बोटातली अंगठी रुतून बसलेली. निवेदिता तिथेच होती. मी म्हटलं, "शिल्पा, कोट घाल, हॉस्पिटलला जायचंय."

निवेदिता म्हणाली, "काका, काल तर तिला बरं वाटत होतं. काकूंवर तुमचाच विश्वास नाही का?"

मी म्हटलं, "काकूवर आहे म्हणूनच आलोय."

शिल्पा कोट घालून गाडीत येऊन बसली. बहुधा कुणीतरी म्हणण्याची ती वाट बघत होती. तिथे नर्सने तिचं प्रेशर घेतलं आणि मला काहीही न विचारता तिला थेट आत नेलं. शिल्पा अजून ॲडमिट आहे. औषधाने प्रेशर आटोक्यात आहे, रोज तपासतात. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

घरी आलो ते बाकरभाईंकडेच गेलो. तुझी तीनही पत्रं त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो उतारा दोनदा वाचला. मग म्हणाले, "कमलाकर, मोहरममध्ये आम्ही रडतो ते कर्बलाच्या तहानेसाठी. तीन दिवस पाणी नाही, लहान मुलं तडफडताहेत, आणि तरी आमचे इमाम ताठ उभे आहेत. त्यांना तहान लागलीच नाही असं कुणी म्हणालं तर आम्ही रडायचं कशासाठी? आमच्यातही उतणारे असतात बरं का. माझे वडील एकदा असं ऐकून भर मजलिसीतून, त्या शोकसभेतून, उठून आले होते. लोक त्यांना महिनाभर वाईट म्हणत होते."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. ते पुढच्या आठवड्यात परत जाऊन बसले. घर आपलंच ना."

आता तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. १९९८ साली तुझ्या काकूच्या हातात एक बाळ गेलं. चौकशी झाली, तिच्यावर ठपका आला नाही. पण डॉक्टरला दहा मिनिटं आधी बोलवायला हवं होतं, हे तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. चार महिने ती लेबर वॉर्डवर गेली नाही. नोकरी सोडणार होती. मग एक दिवस उठून नवजात बाळांना श्वास देण्याच्या ट्रेनिंगला नाव घातलं आणि पुढे दर वर्षी ते पुन्हा पुन्हा केलं, गरज नसतानाही. घरी उशीवर बाहुली ठेवून सराव करायची. मी घड्याळ धरून बसायचो.

तनिषा जन्मली २००७ला. काकूने डोळे मिटले नव्हते. बेल दाबली, बाळ कोरडं केलं, मास्क लावला, पाच मोठे श्वास दिले, छाती हलेना म्हणून मान सरळ केली, पुन्हा दिले. चार मिनिटं. घरी येऊन बाथरूममध्ये गेली आणि ओकली. हे सगळं मला माहीत होतं, अनुया. तरी मी अकराव्या पानावर ते लिहिलं.

का लिहिलं, ते तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो. ती गेल्यावर घरात आवाज नव्हता. गुरुवारी चाळीस माणसं येत, तिचं नाव घेत. त्यांना जी काकू हवी होती ती मी त्यांना देत गेलो, म्हणजे पुढच्या गुरुवारी ती परत येतील.

प्रेसला नको म्हणून कळवलं आहे. सोळा नोव्हेंबरला मी बोलणार आहे. तू येऊ नकोस. तू समोर असलीस तर मी तुझ्यासाठी बोलेन, आणि मला निवेदितासाठी बोलायचं आहे.

तुझा,
काका


केंब्रिज
२० ऑक्टोबर २०२४

ती. काका,

नमस्कार. तुमचं पत्र मी हॅनाहला वाचून दाखवलं. उशीवरच्या बाहुलीपाशी ती म्हणाली, थांब, परत वाच.

मी येणार नाही. तुमचा शब्द मानते. पण तुम्ही बोलाल त्या वेळी मी लायब्ररीतून बाहेर येऊन नदीकाठी बसणार आहे. तिथे बसून काही होत नाही हे मला माहीत आहे.

एक सांगते. मी तुम्हाला पत्र लिहिताना तुम्हाला चूक ठरवणं सोपं होतं, कारण माझ्याकडे शेख होते. तुमच्याकडे रिकामं घर होतं. ते मी पाहिलं नाही. महिन्याला एक पत्र पुरतं असं मला वाटत होतं.

लहानपणी शाळेत आपल्या घरातल्या हीरोवर निबंध होता. मी काकूवर लिहिला होता. आज लिहिला तर तुमच्यावर लिहीन.

तुमची,
अनुया


वॉटफर्ड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अनुया,

आशीर्वाद. झालं एकदाचं.

हॉल भरला होता. मागे खुर्च्या कमी पडल्या. बाकरभाई दुसऱ्या रांगेत, काळा सूट घालून. आरती व्हायच्या आधी मी माइक घेतला. म्हटलं, आधी बोलतो, मग तुम्हाला आरती करावीशी वाटली तर करा.

मी तिच्या नापास होण्यापासून सुरुवात केली. लोक हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. मग जिन्यावर बसण्याचं सांगितलं. पावसाळी सकाळी गाडी बंद पडली म्हणून युनिफॉर्ममध्ये दोन मैल चालत गेलेली, आणि परत येऊन मला वाटेल ते बोललेली. हसणं कमी होत गेलं. मग १९९८चं सांगितलं. अनुया, दीडशे माणसं गप्प बसली की हॉलमधल्या हीटरचासुद्धा आवाज येतो.

निवेदिता उठली. "काका, ज्या बाईने माझी मुलगी मला दिली, तिला तुम्ही आज माझ्याकडून काढून घेताय."

मी म्हटलं, "नाही गं. तुझी मुलगी वाचली ती हात ठेवल्यामुळे नाही. नऊ वर्षं एक बाई एका गेलेल्या बाळाचं ओझं घेऊन उशीवर सराव करत होती, म्हणून वाचली. चमत्कार म्हटलं की ती नऊ वर्षं पुसली जातात. मी ती पुसत होतो. तिची कमाई मी तिला परत देतोय."

तुझ्या शेखांचं नाव घेतलं आणि तो उतारा वाचला. पहिल्यांदाच कुणाचं भाषांतर वाचताना माझ्या हातात लाल पेन नव्हतं. म्हटलं, हे हजार वर्षांपूर्वीच्या एका शिया विद्वानाने आपल्याच लोकांना सुनावलेलं आहे, आणि ते आपल्यापर्यंत माझ्या पुतणीने आणलं आहे. मग शिल्पाचं सांगितलं. तिने आधी परवानगी दिली होती.

काही जण उठून गेले. एक गृहस्थ जाताजाता म्हणाले, "बायकोच्या पुण्यतिथीला असं बोलतात का?" निवेदिता डोकं खाली घालून बसली. पण तिच्या शेजारी तनिषा होती. सतरा वर्षांची, तिला मराठी समजतं पण बोलायला लाजते. ती उभी राहिली.

"काका, ते श्वास... काकूने किती वेळ दिली?"

"चार मिनिटं."

"आणि ती स्केअर्ड होती?"

"खूप. तीच मला म्हणाली."

"पण तरी केली."

"हो. शिकली होती म्हणून."

मग म्हणाली, "मग ते मी पण शिकू शकते ना?"

मी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही. 'हो' म्हणालो आणि खाली बसलो. आरती झाली नाही. बाकरभाईंनी येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही, लोक जाईपर्यंत.

तुझा,
काका


केंब्रिज
१९ डिसेंबर २०२४

ती. काका,

नमस्कार. शिल्पाला मुलगी झाल्याचं कळलं. एक किलो नऊशे ग्रॅम, आणि स्वतः श्वास घेते. हे मी सगळ्या कॉरिडॉरला सांगितलं.

तुम्ही फोनवर म्हणालात की गुरुवारी आता सात-आठ जणच येतात. म्हणून मी ठरवलंय की जानेवारीपासून दर दुसऱ्या गुरुवारी मी येणार. आरती येत नाही, पण पोहे येतात. ते पोहे की ती पोहे, हे आल्यावर सांगा.

बाकरभाईंची टिपणं मिळाली. 'सबुरी'च्या जागी त्यांनी 'सब्र'च ठेवायला सांगितलं. त्यांनी खाली लिहिलंय, 'बेटी, आमच्या घरातली गोष्ट तू अदबीने सांगितलीस.' माझ्या थिसिसला यापेक्षा मोठी डिग्री मिळणार नाही.

अनुया


वॉटफर्ड
६ एप्रिल २०२५

चि. अनुया,

आशीर्वाद. या गुरुवारी तू कॉन्फरन्समुळे आली नव्हतीस, म्हणून लिहितो.

तनिषाला मिडवाइफरीला प्रवेश मिळाला. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, हेच का निवडलंस? तिने कमलाकरकाकांच्या बायकोबद्दल सांगितलं, १९९८पासून. मला फोनवर म्हणाली, "काका, मी काहीच जास्त नाही सांगितलं." सुलूचा अभिमान मला पन्नास वर्षं आहे. पण असा, काहीही न लपवता, पहिल्यांदा वाटला.

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात निवेदिता. नोव्हेंबरनंतर ती आलीच नव्हती, वाटेत दिसली तर रस्ता ओलांडायची. आत आली, काकूच्या फोटोपुढे उभी राहिली, हात जोडले. तो तिचा नमस्कार आहे, तिला करू दे.

मग ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "काका, त्या बाळाचं नाव काय होतं?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, १९९८चं बाळ. म्हटलं, "त्याच्या आईने ओवेन ठेवलं होतं. सुलूने कधी उच्चारलं नाही, पण तिच्या डायरीत आहे."

"ओवेन," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, बरोबर म्हणता येतंय का ते बघत असावी. "तनिषाच्या वाढदिवसाला मी दर वर्षी काकूंच्या नावाने एक दिवा लावते. यंदा दोन लावीन."

मी चहा टाकायला आत गेलो. पाणी उकळून कमी झालं तरी तिथेच उभा होतो. शेवटी तीच आत आली, गॅस बारीक केला आणि कप काढले.

तुझा,
काका